लंडनचं भाडं परवडत नाही, जुनी नॅरोबोट (कॅनॉलवरची लांबट, अरुंद बोट) घेऊन कॅनॉलवर राहिलं तर लायसन्स आणि मूरिंगचा खर्च किती? नियम काय आहेत?

लायसन्सचा आकडा सांगतो, पण तो तुमचा खरा खर्च नाहीये. बोट बांधणार कुठे, म्हणजे मूरिंग, हे तुम्ही प्रश्नात एका ओळीत उरकलंय, आणि सगळा हिशोब तिथेच फिरतो.

आमची छोटी नॅरोबोट मिडलंड्समध्ये ग्रँड युनियन कॅनॉलवर मरीनात (बोटी ठेवायच्या तळावर) असते, सुट्टीपुरती, राहायला घर आहे. पण आजूबाजूला बोटीवर कायम राहणारे बरेच आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू रोज कानावर येतात.

इंग्लंड-वेल्सचे बहुतेक कॅनॉल २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत (सगळे सीआरटीच म्हणतात), त्याआधी ब्रिटिश वॉटरवेज बघायचं. लायसन्स द्यायला ते तीन गोष्टी मागतात, १९९५ च्या कायद्यातच तसं आहे. एक म्हणजे बोट सेफ्टी सर्टिफिकेट, दर चार वर्षांनी, त्यात गॅस, वायरिंग, डिझेलची टाकी, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म वगैरे बघतात. दुसरं इन्शुरन्स, निदान थर्ड पार्टी तरी. आणि तिसरं, एकतर तुमच्याकडे होम मूरिंग पाहिजे, नाहीतर तुम्ही कंटिन्युअस क्रूझर, म्हणजे वर्षभर खरोखर फिरत राहणारे, कुठेही सलग १४ दिवसांपेक्षा जास्त न थांबणारे.

फी लांबी-रुंदीवर ठरते. ५०-५५ फुटी नॅरोबोटला वर्षाला हजार पाऊंडांच्या वर धरून चाला, वाइडबीम (जास्त रुंद बोट) असेल तर अजून जास्त. होम मूरिंग नसलेल्यांना एप्रिल २०२४ पासून वर जादा सरचार्ज लागलाय, ५ टक्क्यांपासून सुरू केला आणि दरवर्षी वाढवत २०२८ ला २५ टक्क्यांपर्यंत नेणार आहेत. यावर बोटवाले भयंकर चिडलेत आणि मला विचाराल तर त्यांचं बरंचसं बरोबर आहे, कारण त्यातल्या कित्येकांना मूरिंग परवडत नाही म्हणूनच तर ते फिरतायत.

आता मूरिंग. आमच्या बाजूला मरीनात साध्या लेजर (सुट्टीपुरत्या) मूरिंगला वर्षाला अडीच-तीन हजार पाऊंड जातात, शेतकऱ्याच्या काठावर जागा मिळाली तर त्याहून स्वस्त, पण तिथे वीज-पाण्याची बोंब असते. लेजर मूरिंगवर कायम राहता येत नाही हे लक्षात ठेवा. राहायचं तर रेसिडेन्शियल मूरिंग लागतं, त्याला प्लॅनिंग परमिशन लागते, वर बहुतेक ठिकाणी काउन्सिल टॅक्स, आणि लंडनमध्ये अशी जागा वर्षाला दहा हजार पाऊंडांच्या पुढे सहज जाते, तीही रिकामी झाली तर. म्हणजे भाडं वाचवायला निघालात आणि पुन्हा भाडंच भरताय, फक्त छप्पर तुमचं.

मग सगळे म्हणतात कंटिन्युअस क्रूझिंग करू, मूरिंग फुकट. फुकट आहे, पण नोकरीवाल्या माणसाला ते किती जड जातं हे बघा. दर १४ दिवसांनी बोट हलवायची, पाऊस असो, थंडी असो, लॉकची (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या कप्प्याची) दारं एकट्याने ढकलायची असोत, आणि दोन पुलांच्या मधे इकडून तिकडे पिंगपाँग केलेलं चालत नाही. कायद्यात अंतराचा आकडा नाहीये, पण ट्रस्टचं म्हणणं असं की वर्षभरात तुमचा पल्ला २० मैलांच्या आत राहिला तर ते समाधानी होण्याची शक्यता कमी. त्यांची माणसं टोपाथवरून (कॅनॉलच्या काठच्या पायवाटेवरून) चालत बोटींचे नंबर टिपत जातात, त्यामुळे कोणाला कळणारे असं समजू नका. आधी आठवण करून देतात, मग पूर्ण वर्षाऐवजी सहा महिन्यांचंच लायसन्स देतात, मग तेही बंद, आणि शेवटी बोट पाण्यातून उचलून नेण्याचाही अधिकार आहे त्यांना. आजारपण, बाळंतपण, इंजिन बिघाड असेल तर जास्त दिवस मिळतात, पण आधी कळवायला लागतं. ऑफिस लांब पडतं हे कारण चालत नाही.

शिवाय सगळीकडे १४ दिवस नसतात, व्हिजिटर मूरिंगवर पाटी वाचा, कुठे ४८ तास, कुठे ७ दिवस. लॉकजवळच्या लँडिंगवर आणि पाण्याच्या नळापाशी बांधून ठेवायचंच नाही. लंडनमध्ये तर जागाच नसते, दोन-दोन बोटी खेटून उभ्या असतात, लोकलच्या चौथ्या सीटसारख्या.

काही जण युक्ती म्हणून लांब उत्तरेला कुठेतरी स्वस्त मूरिंग घेतात आणि बोट लंडनलाच ठेवतात. सरचार्ज वाचतो, पण मूरिंगपासून बाहेर असताना १४ दिवसांचा नियम त्यांनाही लागूच आहे, त्यामुळे हलवाहलव काही सुटत नाही.

बाकी खर्च म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून तळाला ब्लॅकिंग (गंज लागू नये म्हणून काळा लेप), कोळसा, डिझेल, गॅस, टॉयलेटची कॅसेट रिकामी करणं. आणि पत्ता! बँक, जीपी, व्हिसा, सगळीकडे पत्ता मागतात, तेव्हा एखादा मित्र आधीच पटवून ठेवा. थेम्सवर जायचं असेल तर त्याचा बराचसा भाग एन्व्हायर्नमेंट एजन्सीकडे, त्याचं लायसन्स वेगळं, दोन्हीकडे फिरायचं तर गोल्ड लायसन्स मिळतं.

बोट बघायला जाल तेव्हा सेफ्टी सर्टिफिकेट कधी संपतंय ते विचारा, तळाचा सर्व्हे स्वतःच्या पैशाने करून घ्या. लायसन्स बोटीबरोबर येत नाही, नव्या मालकाला नव्याने काढावं लागतं. आणि जाहिरातीत मूरिंगसकट असं लिहिलं असेल तर विकणाऱ्यावर न जाता मूरिंगवाल्यालाच फोन करून विचारा की ही जागा माझ्या नावावर होणार का, आणि तिथे राहायला परवानगी आहे का. दोन्हीला हो आलं तरच अ‍ॅडव्हान्स द्या.