धाकाने घेतलेली सही आणि १,०२४ आयपी पत्ते

प्रश्न : मी कोथरूडला राहतो. शिक्षणासाठी युक्रेनला गेलो होतो आणि पुढे तिथल्या वर्गमित्राबरोबर मेलितोपोलमध्ये छोटी इंटरनेट सेवा कंपनी काढली. २०१४ साली पुण्याला परतलो, पण निम्मी भागीदारी अजून माझ्याच नावावर आहे. कंपनीकडे राइप एनसीसी या युरोपातल्या इंटरनेट पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून मिळालेले १,०२४ आयपी पत्ते (इंटरनेटवर यंत्रे ओळखण्याचे क्रमांक) आहेत आणि तिथल्या खात्यावर मित्राबरोबर माझेही नाव अधिकृत व्यक्ती म्हणून आहे. मार्च २०२२ पासून शहर रशियाच्या ताब्यात आहे. परवा मित्राने एका कागदाचा फोटो पाठवला. सगळे पत्ते एका नव्या कंपनीला ‘स्वखुशीने’ देत असल्याचा मजकूर आहे. खाली एवढेच लिहिले होते : ‘दोन दिवस दिलेत.’ सही करू नको, असे त्याला सांगू का? की पत्ते घाईने माझ्या पुण्यातल्या कंपनीच्या नावावर करून घेऊ?

उत्तर : आधी मित्राचे बघू. त्याला ‘सही करू नकोस’ असे अजिबात सांगू नका. समोर हत्यारबंद माणसे बसलेली असताना त्याने बाणेदारपणे नकार द्यावा, असा सल्ला पुण्यात बसून देण्याचा अधिकार मला नाही आणि तुम्हालाही नाही. धाकाने झालेली सही कायद्याने रद्द करता येते. त्याने सही केली तरी लढता येईल, अशी तयारी आपण इथून करायची आहे.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला आणि सोबतचा मराठी तर्जुमाही वाचला. ‘स्वखुशीने’ हा शब्द दोनदा आला आहे. तारखेची जागा कोरी आहे. कागदाच्या कडेला टेबलावर एक हात दिसतो, तो तुमच्या मित्राचा नाही, असे तुम्ही म्हणता. माझ्या दृष्टीने यातली कोरी तारीख सर्वांत महत्त्वाची. उद्या तिथे युद्धाआधीची एखादी तारीख घातली जाऊ शकते. हक्कसोडपत्राच्या दाव्यांत शिवाजीनगर कोर्टात मी हे अनेकदा पाहिले आहे : बहिणीची सही आधी, तारीख मागाहून. म्हणून आजच नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करा. फोटो कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या नंबरवरून आला आणि त्या वेळी कागदावर सही व तारीख नव्हती, हे त्यात स्पष्ट लिहा. फोटो असलेला फोन जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, ते मी तयार करून देईन. मित्राने मात्र त्याच्या फोनमधला तो संदेश ठेवू नये. तिकडे फोन तपासले जातात. पुरावा तुमच्याकडे असला की पुरे.

आता मूळ मुद्दा. आयपी पत्ते राउटरमध्ये नसतात, ते नोंदवहीत असतात. आपल्याकडच्या सातबाऱ्याशी ताडून पाहा. जमीन कोण कसतो ही एक गोष्ट आणि उताऱ्यावर नाव कुणाचे ही दुसरी. सातबारा मालकी देत नाही असे कोर्ट कितीही वेळा म्हणाले, तरी एकदा फेरफार मंजूर झाला की तो फिरवता फिरवता उमर जाते. २०२२ मध्ये ताब्यातल्या युक्रेनी खेरसन शहराची इंटरनेट वाहतूक रशियाच्या हाती असलेल्या क्रिमियातल्या जाळ्यातून वळवली गेली होती. तो कब्जा होता. नोव्हेंबरमध्ये शहर सुटले आणि कब्जा संपला. नोंद बदलली असती, तर ती अशी आपोआप फिरली नसती. तुमची नोंदवही मेलितोपोलमध्ये नाही, ॲमस्टरडॅममध्ये आहे, हे तुमचे भाग्य. फेरफार मंजूरच होऊ द्यायचा नाही, एवढे काम आत्ता करायचे आहे.

युक्रेनमधल्या कंपन्यांवर अशीच वेळ आली, तेव्हा राइप एनसीसीने स्वेच्छेच्या ट्रान्सफर लॉकची सोय केली. सदस्याने अर्ज केला की ठराविक मुदतीसाठी त्याच्या पत्त्यांचे हस्तांतरण बंद होते आणि त्या काळात धमकावून घेतलेल्या सहीचा उपयोग होत नाही. खात्यावर तुमचे नाव असल्याने तो अर्ज तुम्ही करू शकता. मिळेल ती सर्वांत लांब मुदत मागा आणि ती संपण्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. सोबत स्वतंत्र पत्र द्या की, अमुक तारखेनंतर मेलितोपोलहून आलेली कोणतीही विनंती दबावाखालची समजावी आणि माझ्याशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय पुढे नेऊ नये. खात्याचा पासवर्डही बदला. जानेवारी २०२४ मध्ये स्पेनमधल्या एका मोठ्या दूरसंचार कंपनीचे राइपचे खाते दुबळ्या पासवर्डमुळे परक्याच्या हाती गेले आणि तिचे इंटरनेट काही तास कोलमडले.

मित्राचे नाव खात्यावरून काढावे का, यावर मी बराच विचार केला. माझे मत : काढू नका. तुम्ही त्याचे हात बांधले असे दिसायला हवे, पण त्याला हाकलले असे नव्हे. पत्रात हे वाक्य जरूर घाला : ‘हा निर्णय मी एकट्याने, भागीदाराला न विचारता घेतला आहे.’ मग त्याला समोरच्यांना खरेखुरे सांगता येईल की, कुलूप पुण्याच्या भागीदाराने घातले, माझ्या हातात काही नाही. हे पत्र त्याची ढाल आहे. दोष तुमच्या नावावर येऊ द्या, तुम्ही कोथरूडला सुरक्षित आहात.

कायद्याची बाजू भक्कम आहे. युद्धाबाबतच्या १९०७ च्या हेग नियमांचे कलम ४६ व्याप्त प्रदेशातली खासगी मालमत्ता बळकावायला मनाई करते. समोरचा वकील कलम ५३ पुढे करील. त्यानुसार बातम्या पोहोचवणारी साधने खासगी असली तरी सैन्याला ताब्यात घेता येतात. पण शांतता झाल्यावर ती परत करावी लागतात आणि भरपाईही द्यावी लागते. म्हणजे टॉवर आणि केबल नेले, तरी तो तात्पुरता ताबा, मालकी नव्हे. वर कागदोपत्री कायदेशीर दिसणाऱ्या व्यवहाराची पळवाटही जुनीच आहे. ५ जानेवारी १९४३ च्या लंडन घोषणेत मित्रराष्ट्रांनी बजावले होते की, शत्रूच्या ताब्यातल्या प्रदेशात झालेले मालमत्तेचे व्यवहार, वरकरणी स्वेच्छेचे दिसत असले तरी, रद्दबातल ठरवण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो. त्या घोषणेत नेदरलँड्स, भारत आणि सोव्हिएत संघ हे तिघेही होते. दाव्याची वेळ आलीच, तर हा कागद मी सर्वांत वर ठेवीन.

राइपशी असलेल्या कराराला डच कायदा लागतो. डच नागरी संहितेच्या तिसऱ्या भागातल्या कलम ४४ प्रमाणे धमकीने केलेला व्यवहार रद्द करता येतो. तुमच्याकडून पुण्यात संमतीपत्र मागितले गेले, तर आपला भारतीय करार कायदा, १८७२ कामाला येईल. कलम १५ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, जिथे जबरदस्ती झाली तिथे भारतीय दंडविधान लागू आहे की नाही, याने फरक पडत नाही. दीडशे वर्षांपूर्वी ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे भर समुद्रातले जहाज होते. मेलितोपोललाही ते तितकेच बसते. मात्र एक पथ्य पाळा : नव्या कंपनीने किंवा तिच्या दलालाने पैसे देऊ केले, तर एक रुपयाही घेऊ नका. पैसे घेतले की तुम्ही व्यवहार मान्य केलात असा अर्थ निघतो आणि तो रद्द करण्याचा हक्क जातो.

पत्ते पुण्यातल्या कंपनीकडे वळवण्याबद्दल. राइपच्या आणि आपल्याकडच्या एपनिकच्या (राइपसारखीच आशिया-पॅसिफिकची संस्था) क्षेत्रांत असे हस्तांतरण होऊ शकते, पण आज ते करू नका. त्यासाठी मित्राची संमती हवी आणि त्याची संमती आज मोकळी नाही, ती त्यांच्यासाठी नाही तशीच तुमच्यासाठीही नाही. तुम्ही ती घेतलीत, तर उद्या समोरचा वकील दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारील, यांत फरक काय? मला त्याचे उत्तर देता येणार नाही. मित्र सुरक्षित प्रदेशात आला, त्याने स्वतःचा वकील केला, आणि तरीही त्याला तसे हवे असेल, तेव्हा बघू.

परदेशात राहत असताना घेतलेले शेअर्स इथे परतल्यावर ठेवायला परकीय चलन कायद्याच्या (फेमा) कलम ६(४) प्रमाणे मुभा आहे, ती काळजी सोडा. प्रतिज्ञापत्रावर नोटरीनंतर राज्य शासनाचे प्रमाणन आणि परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का) घ्यावे लागेल. त्याला काही दिवस जातील, पण लॉकचा अर्ज त्यासाठी थांबवू नका. स्कॅन केलेली प्रत आज पाठवा, मूळ प्रत मागून जाईल. ॲमस्टरडॅम आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. संध्याकाळी सहाला नोटरीकडून निघालात, तरी तिथले ऑफिस उघडे असेल. मेल पाठवल्यावर फोनही करा आणि ज्यांनी उचलला त्यांचे नाव व वेळ लिहून घ्या.