जपानमध्ये फॅमिली मेडिसिनमध्ये संशोधनाला वाव आहे का?

प्रश्नाखालचा तुमचा तपशील वाचला. एमबीबीएस झालंय, जपानीची एन-3 (पाच पातळ्यांतली मधली) पास आहात, तिकडे जाऊन जनरल मेडिसिनमध्ये पीएच.डी. करायचा विचार आहे, आणि घरचे म्हणतात, "सर्दी-खोकल्यावर कसलं आलंय संशोधन?" नुसता वाव आहे का एवढंच विचारलं असतं तर मी पुढे सरकले असते. पण ते शेवटचं वाक्य माझ्या सख्ख्या भावाचं आहे, शब्द न् शब्द. तेव्हा उत्तर जरा लांबणार.

मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकले, पुण्यात जपानीचे क्लास केले, आणि एका जपानी विद्यापीठाच्या सोगो-शिन्र्यो विभागात साडेचार वर्षं डेटा सांभाळला. सोगो-शिन्र्यो म्हणजे तुम्ही ज्याला जनरल मेडिसिन म्हणताय ते, पण आपल्या एमडी मेडिसिनशी त्याची गल्लत करू नका. तो डॉक्टर गुडघाही बघतो, रक्तदाबही, तान्हं मूलही, आणि अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना तपासायला घरीही जातो. आपल्याकडचे जुने फॅमिली डॉक्टर आठवा, तसंच, फक्त त्याची वेगळी परीक्षा असते.

तर वाव आहे, आणि तो मुख्यतः माणसं कमी असल्यामुळे आहे. 2018 मध्ये तिथे नवी स्पेशालिस्ट पद्धत सुरू झाली, तेव्हा सोगो-शिन्र्यो ही 19 वी मूळ शाखा म्हणून धरली गेली. पहिल्या तुकडीत 8,400 च्या आसपास डॉक्टरांपैकी ही शाखा घेतली 184 जणांनी. कारण उघड आहे. 1961 पासून तिथे प्रत्येकाला आरोग्यविमा आहे आणि त्यावर माणूस कुठल्याही डॉक्टरकडे थेट जाऊ शकतो. गुडघा दुखला की हाडवाल्याकडे, कान दुखला की कानवाल्याकडे. गल्लीतला दवाखाना चालवणाराही बहुधा मोठ्या हॉस्पिटलातून बाहेर पडलेला कुठलातरी स्पेशालिस्टच असतो. मोठ्या हॉस्पिटलांत चिठ्ठीशिवाय गेलात तर वरचे पैसे पडतात, ऑक्टोबर 2022 पासून पहिल्या भेटीला किमान 7,000 येन, तरी लोक जातात. 'तीन तास थांबा, तीन मिनिटं तपासणी' ही तिथली म्हणच आहे. ऐकलेली वाटतेय ना?

आता माझं काम सांगते, म्हणजे सर्दी-खोकल्यावर काय करतात ते कळेल.

शिमाने प्रांतात डोंगरातल्या एका गावात छोटा दवाखाना होता. तिथले डॉक्टर प्रत्येक पेशंटमागे एक चिठ्ठी भरायचे. वरच्या ओळीत पेशंट का आला ते, पेशंटच्याच शब्दांत. खालच्या ओळीत डॉक्टरांचं निदान. नावं काढून त्या चिठ्ठ्या आमच्याकडे यायच्या आणि आम्ही त्यांना कोड द्यायचो. त्यासाठी आयसीपीसी नावाची यादी आहे, जगभरच्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेने 1987 मध्ये पुस्तकरूपाने आणलेली. एक अक्षर आणि दोन आकडे. खोकला म्हणजे आर-05. दमल्यासारखं, अशक्त वाटणं म्हणजे ए-04. जोडीदार गेल्याचं दुःख म्हणजे झेड-15, हो, त्यालाही कोड आहे. हॉस्पिटलांच्या यादीत आधी आजार येतो. इथे आधी तक्रार येते, आणि आजार सापडलाच नाही तर ए-97, 'आजार नाही'. एकच चिठ्ठी दोघांनी एकमेकांना न विचारता कोड करायची आणि मग दोघांचं किती जुळलं ते मोजायचं.

पहिल्याच हिवाळ्यात माझं जुळेना. विभागप्रमुख सेन्सेईंनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. दुसरी कोडवाली साठीची, निवृत्त नर्स. तिने माझ्या अकरा चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडल्या. सगळ्यांत पेशंटचा शब्द एकच, 'शिकुशिकु'. मी कोशात बघितलं होतं: मुळूमुळू रडण्याचा आवाज. म्हणून अकराच्या अकरा चिठ्ठ्यांना पी-03 दिला होता, उदास वाटणं. त्या बाई तोंडावर हात धरून हसत सुटल्या. म्हणाल्या, "तुझ्या हिशेबाने अख्खं गाव रडतंय. त्यांचं पोट दुखतंय गं!"

शिकुशिकु म्हणजे पोटात बारीक, चिवट, न थांबणारं दुखणं. मी एन-1, म्हणजे सगळ्यांत वरची पातळी पास होते, बरं का. पदवीचा निबंध जपानीत लिहू शकले असते. पण शिमानेच्या आजीबाईंचं पोट कसं दुखतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सेन्सेई ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या गावाकडे पेशंट हे कसं सांगेल?" मी म्हटलं, पोटात कुरतडल्यासारखं होतंय. मग पुढची दुपार आम्ही तेच करत बसलो. झुकिझुकि म्हणजे आपली ठसठस. चिकुचिकु म्हणजे टोचल्यासारखं. डोकं गानगान करतंय म्हणजे डोक्यात घण पडतायत. दारुई (दारूशी संबंध नाही) म्हणजे अंग गळून गेल्यासारखं. काताकोरी म्हणजे मान-खांदे भरून येणं. त्याला मानेचा एल-01 द्यायचा की खांद्याचा एल-08 यावर त्या बाई आणि सेन्सेई अर्धा तास भांडले. इंग्रजी यादीत या शब्दांना जागा नाही, मराठीत मात्र प्रत्येकाला जोडीदार निघतो. त्या दिवसानंतर माझं जुळू लागलं. मराठी येतं म्हणून जपानमध्ये कुणाचं काम सोपं झालं असेल तर ते माझं.

आणि त्याच दुपारी मला बाबांचे केसपेपर आठवले.

बाबा मिरजेहून एमबीबीएस झाले आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात सदतीस वर्षं प्रॅक्टिस केली. बाजाराच्या दिवशी शंभरावर पेशंट. केसपेपर म्हणजे पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा. वरच्या ओळीत ते पेशंटचं वाक्य जसंच्या तसं लिहायचे: 'अंगात कणकण', 'पोटात गोळा फिरतो', 'जीव घाबरा होतो'. 'कसंतरी होतंय' इतक्यांदा यायचं की त्याचं त्यांनी 'क.हो.' करून टाकलं होतं. खाली निदान, तेही असलं तर. लहानपणी सुट्टीत मी आणि कंपाउंडर काका ते पुठ्ठे गावांप्रमाणे लावायचो, म्हणून एक पुठ्ठा मला अजून दिसतो. वर 'क.हो.', खाली 'काही नाही. बोलली. बरं वाटलं.' औषधाची जागा कोरी. हा ए-97 झाला की हो! यादी छापून येण्याच्या आधीचा ए-97!

2014 मध्ये दवाखान्याची जागा विकली. दादा पुण्यात हृदयाचा डॉक्टर आहे, स्टेंट घालतो, हात चांगला आहे त्याचा, खोटं कशाला बोलू. व्यवहार त्यानेच बघितला. सतरा पोती केसपेपर त्याने नऊ रुपये किलोने रद्दीत घातले. मला फोनवर कळलं, तेही आठवड्याने. म्हटलं, विचारायचं तरी होतंस. तर म्हणाला, "वाळवी लागली होती. आणि होतं काय त्यात? सर्दी-खोकला. त्यावर कसलं आलंय संशोधन?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देते.

दादा, 1961 मध्ये केर व्हाइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने एक साधा हिशेब मांडला. हजार प्रौढ माणसं घ्या. महिन्याभरात 750 जणांना काहीतरी होतं, 250 डॉक्टरकडे जातात, 9 हॉस्पिटलात भरती होतात, आणि विद्यापीठाच्या हॉस्पिटलात पोचतो एक. जपानमध्ये त्सुगुया फुकुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच हिशेब रोजनिशा भरून घेऊन केला, 2005 मध्ये छापला. हजारात 862 जणांना काहीतरी त्रास झाला. डॉक्टरकडे गेले 307. भरती झाले 7. विद्यापीठाच्या ओपीडीत गेले 6. तुझी सगळी पाठ्यपुस्तकं या सहा-सात जणांना बघून लिहिलेली आहेत. उरलेल्या तीनशेंचं काय होतं, ते कशासाठी आले होते, औषधाशिवाय बरे झाले का, हे ज्या पुठ्ठ्यांवर लिहिलेलं होतं ते तू नऊ रुपये किलोने दिलेस.

दुसरं. बाबा साध्या सर्दीला अँटिबायोटिक द्यायचे नाहीत, सुई तर नाहीच. लोक उठून समोरच्या दवाखान्यात जायचे आणि सलाईन लावून यायचे. आई वैतागायची. जपानने 2018 पासून तीन वर्षांखालच्या मुलाला सर्दी किंवा जुलाब असताना अँटिबायोटिक न देता आई-वडिलांना नीट समजावून सांगणाऱ्या डॉक्टरला वेगळी फी सुरू केली, 80 पॉइंट, म्हणजे 800 येन. न दिल्याचे पैसे! पुढे वयाची मर्यादाही वाढवली. सर्दीकडे कुणी गंभीरपणे बघितलं नसतं तर सरकारच्या दरपत्रकात असली ओळ आली असती का?

असो. तुमच्या प्रश्नाकडे येते.

विषय हवे असतील तर ढीग आहेत. एकाच म्हाताऱ्याला चार डॉक्टरांची मिळून बारा औषधं, घरी जाऊन तपासणी, घरीच येणारा मृत्यू, एकटे राहणारे लोक. पेशंटच्या नजरेतून दवाखाना कसा आहे हे मोजायला बार्बरा स्टारफिल्ड यांच्या अमेरिकन प्रश्नावलीवरून जेपीकॅट नावाची 29 प्रश्नांची जपानी प्रश्नावली आहे, तिच्यावर बरंच काम चालतं. जिची विद्यापीठाचंही बघून ठेवा. 1972 मध्ये खेड्यांसाठी डॉक्टर घडवायला ते काढलं. फीचा भार प्रांत उचलतो आणि त्या बदल्यात साधारण नऊ वर्षं प्रांत सांगेल तिथे काम करायचं. आपल्या एक वर्षाच्या बाँडला नाकं मुरडणाऱ्यांनी हा आकडा परत वाचावा. तिथल्या डॉक्टरांनी खेड्यात दिवस मोजत न बसता 1992 पासून बारा ठिकाणच्या सुमारे 12,500 लोकांची नोंद केली आणि त्यांना हृदयविकार, पक्षाघात कुणाला होतो ते वर्षानुवर्षं बघितलं. दादाच्या खात्यातलं संशोधन, केलं खेड्यातल्या दवाखान्यांनी.

भाषा: नुसत्या एन-3 वर तिकडे जाऊ नका. प्रयोगशाळेत उंदरांवर काम असेल तर इंग्रजीवर निभतं, या शाखेत पेशंट बोलतो तोच डेटा असतो. एन-1 करा आणि नंतर कुठल्यातरी म्हाताऱ्या नर्सशी मैत्री करा. तुमचं भारतातलं लायसन्स तिथे चालत नाही, पेशंट तपासायचे तर त्यांची राष्ट्रीय परीक्षा जपानीतून द्यावी लागते. संशोधनाला ती लागत नाही. वैद्यकातली पीएच.डी. चार वर्षांची असते आणि प्रवेशाला अठरा वर्षांचं शिक्षण मागतात. आपलं बारावी अधिक साडेपाच होतं, त्यामुळे बहुधा आधी पात्रता तपासून घ्यावी लागेल. आणि फॉर्म भरण्याआधी प्राध्यापकाला पत्र लिहा. तो 'हो' म्हणाल्याशिवाय तिथे काही हलत नाही.

थोडं दुसऱ्या बाजूनेही. मी रंगवलंय तितकं तिथे सगळं गोड नाही. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला चिठ्ठ्या भरायला वेळ नसतो, जे भरतात ते आधीपासूनच हौशी, म्हणून आकडे थोडे चांगल्या दवाखान्यांकडे झुकलेले असतात. स्पेशालिस्ट प्राध्यापक या शाखेकडे अजूनही दादासारखंच बघतात, फक्त वाकून नमस्कार करून. आणि परतल्यावर भारतात या पदवीला नोकरी कोण देणार, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणखी एक गोष्ट, प्रामाणिकपणे. जपानमध्येसुद्धा केसपेपर पाचच वर्षं ठेवायचं बंधन आहे, म्हणजे त्याहून जुने कागद टाकणं तिथेही बेकायदा नाही. ती सतरा पोती आज असती तरी पेशंटची नावं, गावं, घरातली भांडणं सगळी त्यावर होती, संमती कुणाचीच नव्हती. कुठल्याही एथिक्स कमिटीने मला ती उघडूसुद्धा दिली नसती. हा मुद्दा दादाला दहा वर्षांत सुचलेला नाही. तो हे उत्तर वाचणार नाही अशी आशा आहे.