सेलूत राहतो. बोका सकाळपासून सारखा वाळूत बसतोय, पण लघवी होत नाही. उद्यापर्यंत वाट पाहू का?

नाही, वाट पाहू नका, आत्ताच निघा. थेंबही येत नसेल तर बहुधा मूत्रमार्ग तुंबलाय. बोक्याची नळी अरुंद असते, बारीक खड्यांनी किंवा चिकट स्रावाने बंद होते. मग रक्तात पोटॅशियम वाढतं आणि दोनेक दिवसांत हृदय बंद पडू शकतं. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात मदतनीस आहे, उशिरा आणलेले बोके पाहिलेत, म्हणून कळकळीने सांगतोय. खालच्या पोटात लिंबाएवढी टणक गाठ लागली तर दाबू नका, मूत्राशय फुटू शकतं. पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका, मांजराला ते विष आहे. तुम्हाला परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. निघण्याआधी फोन लावून ‘बोक्याची लघवी तुंबलीय, आत्ता कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालणारं कुणी आहे का?’ एवढंच विचारा. नसेल तर खासगी डॉक्टरांचा नंबर तिथेच मागून घ्या. थोडी थोडी लघवी होत असेल आणि पोट मऊ असेल तर मूत्राशयाला नुसती सूज असू शकते, पण तेही डॉक्टरांनी हात लावूनच ठरवायचं. जीव घाबरा झाला असेल तर गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या, तुम्ही बोक्याजवळ बसा.