मांजरी माजावर येऊन महिना झाला, आता शेपटीखालून पू येतोय आणि ती खात नाही. गुहागरात आहोत, गोळ्यांनी बरी होईल का?

नुसत्या गोळ्यांवर थांबू नका, आजच निघा. लक्षणं पायोमेट्राची, म्हणजे गर्भाशयात पू झाल्याची दिसतात. अँटिबायोटिकने जंतू दबतात, पण पू आतच राहतो आणि विष रक्तात भिनत जातं.

पू यायचा थांबला तर बरं वाटलं असं समजू नका. गर्भाशयाचं तोंड मिटलं तर पोट फुगतं, गर्भाशय फुटू शकतं. म्हणून पोट दाबून बघू नका. मांजरी चाटून स्वच्छ करतात, त्यामुळे पांढरं ओलं फडकं शेपटीखाली हलकेच टेकवून डाग कसला येतो ते पाहा.

सोनोग्राफी आणि रक्ततपासणी, विशेषतः किडनीची, करून घ्या. आधी शिरेतून सलाईन आणि अँटिबायोटिक, ती सावरली की गर्भाशय-अंडाशय काढायचं ऑपरेशन. हाच पक्का उपाय. पू बाहेर पडायला मदत करणारी अ‍ॅग्लेप्रिस्टोनची इंजेक्शनं असतात, पण ती गर्भाशयाचं तोंड उघडं असलेल्या, तब्येत धरून असलेल्या मांजरीला. त्यांनी बरी झाली तरी पुढच्या माजाला आजार उलटू शकतो.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात भूल देऊन ऑपरेशन होतं का, हे फोनवर विचारा. नसेल तर सरळ चिपळूण किंवा रत्नागिरी गाठा. पावसात घाटरस्ता आणि फेरीबोटीचा भरवसा नसतो, तेव्हा उद्यावर ढकलू नका. बंद टोपलीत टॉवेल घालून न्या, माजाची तारीख सांगा. आणि ताप वाटला तरी पॅरासिटामॉल अजिबात नको, मांजरीला ते जीवघेणं असतं.