घराजवळ बी.लिब. कुठंच नाही, मग काय करू?

जून-जुलै आला की माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्या बहुतेक बायकाच, ग्रॅज्युएशनला आठ-दहा वर्षं झालेल्या. बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, करायचीय पण जवळ कॉलेजच नाही. बुलढाणा जिल्ह्यातली एक जण (तपशील बदललेत) अशीच आलेली, शाळेची लायब्ररी सांभाळायची पण डिग्री नाही म्हणून पगार नावापुरता.

"ताई, विद्यापीठ एकतर अमरावतीला नाहीतर संभाजीनगरला. सासूबाई म्हणतात रोज जायचं असेल तर विषयच सोड."

"रोज जायचंय हे कुणी सांगितलं?"

"कॉलेज म्हटलं की रोजच की."

मग किलोमीटर बाजूला ठेवले आणि तिला घरून लिहून आणायला सांगितलं, वर्षात किती दिवस बाहेर पडू शकशील, तेव्हा मुलाला कोण बघेल. बी.लिब. कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर एका वर्षाचं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ), दोघांकडे ते दूरशिक्षणानं होतं, पण प्रत्येक अभ्यासकेंद्रात हा कोर्स असतोच असं नाही, म्हणून आधी केंद्रावर फोन करून विचारायचं की यंदा प्रवेश आहे का, तास सुट्टीच्या दिवशी असतात का आणि परीक्षा कुठं. विद्यापीठाला त्या वर्षी युजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) दूरशिक्षणाची मान्यता आहे का तेही बघायचंच. "हजेरी नको, घरबसल्या डिग्री" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका, हे मी प्रत्येकीला सांगते.

पुढच्या वेळी ती कागद घेऊन आली. रविवार जमत होता, नणंद मुलाला बघायला तयार होती, तरी फोन केलाच नव्हता.

"का गं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "कॉलेज लांब आहे म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही ताई. फॉर्म भरला आणि नापास झाले तर सगळं गाव हसेल."

मी इतकी वर्षं हेच मानत आलेय की माणूस परिस्थितीपेक्षा त्या परिस्थितीबद्दलच्या स्वतःच्या समजुतीनं जास्त अडतो, आणि ती समजूत त्याच्याच तोंडून बाहेर यावी लागते. घाई करून मीच बोलले असते तर ती मान हलवून घरी गेली असती.

"बरं, हसले. मग?"

"मग... परत बसेन परीक्षेला." आणि स्वतःच हसली.

फोन तिनं माझ्यासमोरच लावला.

बाकी व्यवहाराचं. पुस्तकांचं वर्गीकरण आणि तालिकीकरण (कॅटलॉगिंग) नुसतं वाचून येत नाही, हातानं करावं लागतं, त्यामुळे गावातल्या कॉलेजच्या ग्रंथपालांशी ओळख काढा, लायब्ररीचं कोहा सॉफ्टवेअर फुकट आहे ते त्यांच्याकडं बसून बघा. नोकरी कुठली हवी ते आधी ठरवा. छोट्या वाचनालयासाठी जिल्हा ग्रंथालय संघाच्या प्रमाणपत्र कोर्सची चौकशी करा, कदाचित तेवढ्यानं भागेल, पण सीनियर कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब. (पुढची मास्टर्स पदवी) आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, म्हणजे बी.लिब. ही फक्त सुरुवात. आणि पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट बहुतेक ठिकाणी मागतात, त्याचा अर्ज आत्ताच टाकून ठेवा, ते यायला वेळ लागतो.