शिकारीत टर्की पक्ष्याचा नर अर्ध्या वाटेत अडला, तर काय करावे?
पहाटेपासून ओरडत येणारा टर्कीचा नर ६०-७० यार्डांवर थबकला आणि तिथेच पिसारा फुलवून येरझारा घालू लागला, की नवशिका शिकारी हमखास मादीच्या आवाजातल्या हाका अधिक जोराने घालू लागतो, आणि तिथेच चुकतो. निसर्गक्रमाने मादीच नराच्या ओरडण्याकडे चालत जाते. त्यामुळे तुमचे प्रत्येक उत्तर ऐकून ‘ती येतेच आहे’ अशी त्याची खात्री पटते आणि तो जागचा हलत नाही. अशा वेळी बंदूक गुडघ्यावर तयार ठेवून वीस-पंचवीस मिनिटे गप्प राहावे. फार तर हाताने पाचोळा उकरावा, दोन-तीन झटके, थोडा थांबा, पुन्हा एक, अगदी चरणारी मादी उकरते तसा.

सोबती असल्यास त्याने तुमच्या मागे ४०-५० यार्डांवरून, हळूहळू दूर सरकत हाका द्याव्यात.

मात्र बसण्याची जागा सर्वांत महत्त्वाची, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या ओझार्क टेकड्यांत मी नेहमी चढाच्या माथ्याआड बसतो. मादी दिसावी म्हणून नराला माथ्यावर यावेच लागते आणि तोवर तो ४० यार्डांच्या आत, म्हणजे बंदुकीच्या टप्प्यात आलेला असतो. मध्ये ओढा किंवा तारेचे कुंपण येणार नाही, हे आधीच पाहून ठेवावे.

सार्वजनिक जंगलात ओरडणाऱ्या नराकडे रांगत कधीही जाऊ नये, कारण तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याने काढलेलाही असू शकतो.