दौऱ्याचे माइल्स खात्यात तुझ्या, पण मालकी सरकारची

भाऊ, केंद्र सरकारच्या नोकरीत नवीन लागलास आणि पहिलाच दौरा नागपूर-दिल्ली विमानाचा, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तिकिटावर तुझा विमान कंपनीचा मेंबरशिप नंबर पडला की माइल्स, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट, तुझ्याच खात्यात जमा होतात. उन्हाळ्यात घरच्यांना गोव्याला न्यायला ते वापरावेसे वाटतील. अजिबात वापरू नको.

अर्थ मंत्रालयाच्या १३ जुलै २०१७ च्या टीए (प्रवास भत्ता) आदेशात हे स्पष्ट आहे: सरकारी दौऱ्यावर मिळालेले माइल्स विभागाने इतर सरकारी प्रवासासाठीच वापरायचे, खासगी प्रवासाला वापरले तर विभागीय कारवाई. तिकिटाचा पैसा सरकारचा, मग फायदाही सरकारचाच. मला हे रास्त वाटतं. अमेरिकेत चालतं म्हणून कोणी सांगेल. तिथे २००१ च्या कायद्याने संघीय कर्मचाऱ्यांना मुभा दिली आहे, तो कायदा आपल्याला लागू नाही.

खरा घोळ होतो तो एकाच खात्यात घरचे आणि दौऱ्याचे पॉइंट मिसळल्यावर. म्हणून प्रत्येक दौऱ्यानंतर तारीख, पीएनआर आणि जमा झालेले माइल्स लिहून ठेव. पुरेसे साठले की प्रशासन शाखेला लेखी कळव, पुढच्या दौऱ्याला ते लावता येतील का विचार.

आणि पॉइंटसाठी महागडी फ्लाइट धरू नको. २०२२ च्या सूचनांप्रमाणे तिकीट शक्यतो २१ दिवस आधी, बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या सरकारमान्य एजंटांकडूनच काढायचं, आणि ज्या वेळेला जायचं त्या स्लॉटमधलं सगळ्यात स्वस्त.